शाकाहारी मनी

"आमनी मनी शाकाहारी शे, दूधभाकर खास," शेजारच्या आजी आज कौतुकानं सांगत होत्या. मनी ओट्यावर पसरलेली. वाटीतलं दूध चाटूनपुसून साफ, भाकरीचे तुकडे मात्र तसेच. आणि पायरीखाली सरड्याची ताजी शेपटी!

म्हणजे ही आपली सोय आपणच लावते. धुळ्यातल्या बंद फ्लॅटमधल्या मांजरांनी काय करायचं?

मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं. ते मांस-मासळीत असतं, तिचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. कमी पडलं की नजर जाते, हृदय कमजोर होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवला. त्यामुळे स्वस्त पडतं म्हणून कुत्र्याचं खाणं रोज मांजराला घालू नये. दुधानं तर कित्येक मोठ्या मांजरांचं पोट बिघडतं.

नुसतं उकडलेलं चिकनही कायमचं पुरत नाही, त्यात कॅल्शियम फार कमी. पाकीट घेताना ते मांजरासाठी 'संपूर्ण आहार' आहे का, एवढं वाचा.

आणि लाडानं काळ्या मसाल्याच्या रश्श्यातला तुकडा तर नकोच. कांदा-लसणानं तिच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आता खान्देशात कांदा-लसणाशिवायचा रस्सा कुणाच्या घरी मिळणार, सांगा?