टूलचं वर्णन लिहिताना हात आखडू नका
रत्नागिरीत पावसाळ्यात लाईट गेली की फोनवरूनच सर्व्हर बघायचे, आणि आता त्यातलं बरंचसं एआय एजंट करतो, म्हणून कळकळीने सांगतो, टूलचं, म्हणजे एजंटला वापरायला दिलेल्या प्रत्येक कामाच्या साधनाचं, वर्णन नीट लिहा. "नोड मॅनेज करतं" एवढ्यावरून त्याला काय कळणार? कुबरनेटीसमध्ये (अनेक सर्व्हरवर ॲप चालवणारी प्रणाली) कॉर्डन केलं की नोडवर, म्हणजे त्यातल्या एका सर्व्हरवर, नवे पॉड (ॲपचे चालणारे तुकडे) लागत नाहीत, चालू असलेले तसेच राहतात, पण ड्रेन केलं की तेही काढले जातात (डेमनसेटचे, म्हणजे प्रत्येक नोडवर चालवायचे असतात ते, सोडून), हा फरक वर्णनातच हवा, आणि कधी वापरायचं नाही तेपण. एमसीपीतलं (एजंटला टूल जोडायची प्रमाण पद्धत) डिस्ट्रक्टिव्हहिंट, म्हणजे 'हे टूल काही नष्ट करू शकतं' ही खूण, नुसती सूचना आहे, ते कोणाला अडवत नाही, त्यामुळे डिलीटची परवानगी मी वेगळ्या टोकनवरच (प्रवेशाच्या किल्लीवरच) ठेवतो. एररमध्ये पुढे काय करायचं तेही लिहा, नुसतं ४०३ (परवानगी नाही) दिलं तर एजंट तीच कमांड परत परत मारत बसू शकतो.