आमची वाटचाल : इर्ल्याची ताडपत्री आणि विंडसॉक

आमचे आजोबा देवगडहून आले तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती आणि सांताक्रूझचं विमानतळ ब्रिटिश हवाई दलाकडे होतं. सहार, मरोळ ही तेव्हा भातशेतीची गावं. आजोबांना तंबू आणि विमानांची कव्हरं शिवायचं काम मिळालं, गोऱ्या सार्जंटच्या हाताखाली, टाका वाकडा गेला की सगळी शिवण उसवायला लावायचा म्हणे. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान लिलावात निघालं त्यात त्यांनी कॅनव्हास शिवायची एक जड लोखंडी मशीन घेतली. १९४८ मध्ये प्रवासी विमानं जुहूवरून सांताक्रूझला गेली, जुहूला छोटी विमानं राहिली, आणि आजोबांनी दोन्हीच्या मधोमध इर्ल्याला गाळा घेतला.

जुहूला लोक आता फक्त हेलिकॉप्टरचा तळ म्हणून ओळखतात याचं वाईट वाटतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानानं इथंच उतरले. आणि १९७२ मध्ये जपानचं डीसी-८ हे मोठं प्रवासी विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि धावपट्टी संपली तरी पुढं निघून गेलं, अण्णा, म्हणजे माझे वडील, सायकल घेऊन बघायला गेले होते.

आता विंडसॉकबद्दल, म्हणजे वारा कुठून येतो ते वैमानिकाला दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी. लोकांना वाटतं नारिंगी-पांढरी पिशवी, त्यात काय. मोठ्या विमानतळाचा सॉक किमान ३.६ मीटर लांब, तोंडाला ०.९ मीटर व्यास, पट्टे पाच, पहिला आणि शेवटचा गडद. प्रत्येक पट्टा शंकूसारखा निमुळता कापावा लागतो, सरळ कापलात तर सॉक पिळतो आणि वैमानिकाला वारा चुकीचा दिसतो. शिवण दुहेरी घडीची, दोरा मेण लावलेला, आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाची कडी, पितळीच. ज्यांच्याकडे सॉक आहे त्यांना सांगतो, खांबावरच्या बेअरिंगला दर दोन महिन्यांनी ग्रीस लावा, जुहूच्या खाऱ्या हवेत बेअरिंग अडकतं आणि सॉक एकाच दिशेला तोंड करून बसतो. पावसाळा संपला की सॉक बदला, रंग उडेपर्यंत थांबू नका.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. आमच्या गाळ्यात पाणी छातीच्या वर, सहा मशीन, नायलॉनचे तागे, कागदी फर्मे सगळं चिखलात. फर्मे, म्हणजे कापड कापायचे नमुने, हा आमचा जीव, अण्णांनी वीस वर्षं मिलिमीटर मिलिमीटरनं सुधारलेले. इलेक्ट्रिकच्या पाचही मशीन भंगारात गेल्या, आजोबांची तेवढी रॉकेलमध्ये तीन दिवस बुडवून ठेवली आणि चौथ्या दिवशी फिरली.

आमच्याकडे नऊ वर्षं काम केलेला एक माणूस पुराच्या दोन वर्षं आधीच वेगळा झाला होता, जाताना आमचे फर्मे उतरवून नेले हे मला माहीत होतं, तरी मी काही बोललो नव्हतो. पुरानंतर त्याच्याकडे गेलो, म्हटलं फक्त मापं उतरवून घेऊ दे. नाही म्हणाला. आमचेच फर्मे! आणि त्याच पावसाळ्यात आमच्या तीन गिऱ्हाइकांना निम्म्या भावात सॉक दिले, साधं पॉलिस्टर, एकेरी टाका, दिवाळीपर्यंत नारिंगीचं पिवळट झालं. त्यातल्या एका ऑफिसनं आमचं जुनं बिल आजपर्यंत दिलेलं नाही. इतकी वर्षं झाली, तरी मी हे विसरलेलो नाही.

ऑगस्टमध्ये आमचे कॅप्टन साहेब आले. विमान चालवायला शिकवायचे, अण्णांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. स्कूटर बाहेर लावून चिखलातून आत आले, काखेत एक चिंध्या झालेला सॉक. "हा तुझ्या अण्णांनी शिवलेला, ९८ चा. टाकून द्यायला मन झालं नाही. दोन नवीन कर, आणि कापडाला पैसे लागतील ते आधी घे."

त्या रात्री आईनं आणि मी तो सॉक ब्लेडनं टाका टाका करून उसवला. कापड पार विटलेलं पण शिवणीच्या घडीत नारिंगी रंग तसाच होता. पाचही पट्टे इस्त्री करून खाकी कागदावर ठेवले, पेन्सिलीनं कडा ओढल्या, ताण पडून कापड वाढलं होतं तेवढं आईनं नजरेनं कमी केलं. अण्णांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, पण त्यांचा हात त्या कागदावर परत आला. आज मुलगी कटिंग करते, ती याच फर्म्यांवरून.