तुम्ही विचारलंत म्हणून: शॉपिफाय घेऊ की वूकॉमर्स?

नागपूरच्या महाल भागातल्या घरून मी वाळवण आणि मसाले विकते आणि साइटचं सगळं मीच बघते, म्हणून हा प्रश्न ठरलेला असतो. कधी बचत गटातली एखादी ताई विचारते, कधी गांधीबागेतल्या साडीवाल्याचा मुलगा: "आम्हालाही ऑनलाइन दुकान टाकायचं आहे, कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?" शॉपिफाय म्हणजे महिन्याच्या भाड्याने मिळणारं तयार दुकान, वूकॉमर्स म्हणजे आपल्या वर्डप्रेस साइटवर आपणच बसवायचं. सोबत मोबाइलवर एखाद्या कंपनीचं डेमो दुकान उघडलेलं असतं. डेमो सगळ्यांचीच देखणी असतात, ती बघून काही ठरवता येत नाही. ग्राहकाने पैसे टाकल्यापासून पार्सल घराबाहेर पडेपर्यंत काय काय घडतं, ते बघून निवडा.

आधी मी विचारते, खोक्यात काय जाणार? माझ्या कुरडयांचंच घ्या. काट्यावर अर्धा किलो. पण कुरडई दाबून भरता येत नाही, भुगा होतो. त्यामुळे खोका लागतो ३० बाय २० बाय १५ सेंटीमीटरचा. कुरिअरवाला हे तीन आकडे गुणतो, ५००० ने भागतो, आणि येणारे किलो काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त भरले तर त्यांचे पैसे लावतो. इथे येतात १.८ किलो. दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने, म्हणजे बिल दोन किलोचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! तेच अर्धा किलो भिवापुरी तिखट लहानशा पाकिटात बसतं आणि अर्ध्या किलोच्याच दरात जातं.

आता हे कार्टला, म्हणजे दुकानाच्या सॉफ्टवेअरला, आपोआप कळतं असं समजू नका. वूकॉमर्समध्ये लांबी-रुंदी-उंचीचे रकाने आहेत, पण त्याच्यासोबत मिळणारा फ्लॅट रेट, म्हणजे सरसकट एकच भाडं, त्या रकान्यांकडे ढुंकूनही बघत नाही. वजनावर दर लावायला वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, घालावं लागतं. शॉपिफायमध्ये वजनावर दर लावता येतो, पण वजन तेच, जे तुम्ही भरलंत. म्हणून मी कुरडईच्या वजनात सरळ १८०० ग्रॅम लिहिते. मग वूकॉमर्स मालाच्या पानावर, 'अधिक माहिती'खाली, तेच १८०० ग्रॅम ग्राहकाला दाखवतं. अर्धा किलोचं पाकीट आणि वजन पावणेदोनच्या वर! तेवढं लपवायचं. असल्या बारीकसारीक गोष्टी डेमोत कोणी दाखवत नाही. आणि कॅश ऑन डिलिव्हरी मी ठेवलेलीच नाही. ग्राहकाने दार उघडलं नाही तर जाण्याचं भाडं गेलं, येण्याचं भाडं गेलं, आणि खोक्यात भुगा परत.

दुसरी गोष्ट पैशांची. आपल्याकडे बहुतेक लोक यूपीआयने देतात. ग्राहक पैसे द्यायचं बटण दाबतो, त्याचं यूपीआय ॲप उघडतं, पिन टाकतो, पैसे कटतात, आणि तो तिथूनच व्हॉट्सॲपवर निघून जातो. आपल्या साइटवर परत येतच नाही. कार्टला वाटतं पैसे आले नाहीत, ऑर्डर 'पेंडिंग'. वूकॉमर्समध्ये माल राखून ठेवायची मुदत मुळात ६० मिनिटांची असते. तेवढ्यात खबर लागली नाही तर ऑर्डर आपोआप रद्द. यावर उपाय म्हणजे वेबहुक: ग्राहक परत येवो न येवो, गेटवे, म्हणजे आपल्यासाठी ऑनलाइन पैसे घेणारी कंपनी, थेट कार्टला कळवतो. ते चालू केल्याशिवाय दुकान उघडू नका. साडीवाल्यांनी तर मुळीच नाही. टसरची करवती किनारीची साडी एकच नग असते. पहिलीचे पैसे आले, ऑर्डर रद्द झाली, आणि तीच साडी दुसरीने घेतली, तर दोघींना फोन तुम्हालाच करायचा आहे.

कराचं थोडक्यात. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, सहसा जीएसटी नोंदणी लागते. सौंसर आपल्याला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ, माणसं मराठी बोलणारी, पण राज्य मध्य प्रदेश. तिखटावर ५ टक्के: पुण्याच्या बिलावर अडीच-अडीच टक्के केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी, सौंसरच्या बिलावर पाचही टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर. कार्टला राज्य बघून हे पाडता आलं पाहिजे, नाहीतर महिनाअखेरीला सीएकडे वही घेऊन बसा.

मग शेवटी कुठलं? घरात अपडेट, बॅकअप बघणारं कोणी नसेल तर शॉपिफाय. दर महिन्याचं भाडं आहे, आणि त्यांची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नसल्यामुळे बाहेरचा गेटवे जोडावा लागतो. त्याचे बेसिक प्लॅनवर शॉपिफाय वेगळे २ टक्के घेतं. गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, हे निराळंच. मसाल्याच्या नफ्यात हे टोचतं, साडीत खपून जातं. वूकॉमर्स फुकट आहे, पण होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा, फुकट नाही, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात प्लगइन बिघडलं तर रात्र तुमची जाते. मी ते वापरते कारण मला त्यात डोकं घालायला आवडतं. प्रत्येकाला आवडावं असं काही नाही. कोणी मॅजेंटो नावाचं तिसरं सॉफ्टवेअर सुचवलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. २०१८ मध्ये अडोबीने विकत घेतलेलं ते हत्तीएवढं प्रकरण आहे, वीस-पंचवीस मालांच्या दुकानाला पोसवणार नाही.

आणि अजून दिवसाला दोन-तीनच ऑर्डरी येत असतील तर यातलं काहीच नको. व्हॉट्सॲप आणि यूपीआयचा क्यूआर कोड पुरतो. पत्ते उतरवताना पिनकोड चुकायला लागले, की कार्टचं बघा.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःच्या ईमेलवर घ्या, साइट कोणीही बनवून देवो. आणि मालाची यादी, ग्राहक, जुन्या ऑर्डरी सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता) बाहेर काढता येतात का, हे पैसे भरायच्या आधी, ट्रायलमध्येच करून बघा. ग्राहकांचे पासवर्ड तसे बाहेर निघत नाहीत, ते त्यांना नव्या दुकानात नव्यानेच ठेवावे लागतात.