नाकतोडा आला की उतर

"मावशी, नावं वाचत बसू नकोस. नाकतोडा दिसला की उतर." सकाळी बुटाची लेस बांधता बांधता भाच्याने एवढं सांगितलं आणि तो ऑफिसला पळाला. दुपारी मी मेक्सिको सिटी मेट्रोच्या पिनो सुआरेस स्टेशनात एकटी उभी. स्पॅनिशची गाडी 'ग्रासियास'च्या, म्हणजे 'धन्यवाद'च्या, पुढे सरकलेली नाही. हातात पाच पेसोंचं तिकीट. तेव्हा या तिकिटावर मेट्रोने शहरभर कुठेही गेलं तरी भाडं तेवढंच असायचं. म्हणजे हरवायलाही जास्तीचे पैसे पडत नव्हते.

नावं वाचून काही हाती लागलं असतं असंही नाही. अक्षरं रोमन, सगळी ओळखीची. पण नकाशावर आस्कापोत्साल्को, तेसोसोमोक अशी मंडळी ठाण मांडून बसलेली, तिथे जीभ शरण जाते. मात्र प्रत्येक नावाजवळ एक चित्र असतं. या मेट्रोची पहिली लाईन १९६९ साली सुरू झाली. वाचता न येणारे खूप लोक तेव्हा शहरात होते, म्हणून दर स्टेशनाला एकेक चित्र दिलं. आदल्या वर्षीच्या ऑलिंपिकचं बोधचिन्ह करणारे लान्स वायमन यांचं हे काम. मला जायचं होतं चापुल्तेपेकला. तिथला नाकतोडा.

फलाट शोधताना मध्येच एक देऊळ लागलं. खरंच देऊळ! मेट्रोसाठी खणताना अ‍ॅझ्टेक लोकांच्या वायुदेवाचं गोल दगडी देऊळ सापडलं, ते तिथेच ठेवलं आणि दोन लाईनींना जोडणारा रस्ता त्याच्या बाजूने काढला. या स्टेशनाचं चित्र तेच. लोक त्याच्याकडे न बघता भराभरा चाललेले. माझा हात मात्र सवयीने छातीशी गेला. परका असला म्हणून काय झालं, देव तो देव.

गाडी आली. रबरी टायरवर चालते, त्यामुळे आपल्या लोकलचा खडखडाट नाही. तो नसला की गाडी चाललीय यावर माझा विश्वास बसत नाही. दारावरच्या पट्टीवर चित्रं ओळीने मांडलेली. शिडाचं जहाज, कारंजं, तोफ, गरुडाचं डोकं, घंटा, कमानी. मी अंगठाबहाद्दर बाईसारखी एकेक चित्र खिडकीबाहेर ताडून बघत होते.

आमची आजी अशीच प्रवास करायची. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं, तरी दादरहून पार्ल्याला येताना ती कधी चुकली नाही. माहीमची खाडी आली की पदर नाकाला, बांद्रा गेलं की पदर खाली. मग खार, सांताक्रूझ ती डोळे मिटून काढायची. आणि बिस्किटांचा वास सुरू झाला की पिशवी उचलून दारात. मी नुकती वाचायला शिकलेले, त्यामुळे भारी ऐट. गाडी फलाटात शिरताना पाटी दिसायची आणि मी मोठ्याने वाचायची, "वि-ले-पा-र्ले!" तोवर आजी दारातल्या बायकांमधून वाट काढून माझं मनगट धरून ओढत असायची. "वाच नंतर, आधी उतर." ती बिस्किटांची फॅक्टरी २०१६ साली बंद झाली. आता आजी असती तर तिला कुणाला तरी विचारावंच लागलं असतं.

मतदानालाही ती चित्रच बघायची. इकडे मेट्रो सुरू झाली त्याच १९६९ मध्ये तिकडे काँग्रेस फुटली आणि त्या भांडणात तिचं बैलजोडीचं चिन्ह गेलं. पुढे गाय-वासरू आलं, मग हात आला. आजी मात्र दर निवडणुकीला घरी येऊन "बैलजोडीला दिलं" असंच सांगायची. शिक्का नेमका कुठे मारायची, देव जाणे.

कारंज्याला गर्दी वाढली. पाठीवर स्पीकर बांधलेला एक पोरगा कसली तरी जाहिरात करत डब्यातून सरकत गेला. मागून एका बाईने खांद्यावर टकटक केलं आणि काहीतरी विचारलं. एक अक्षर कळलं नाही, पण भरलेल्या डब्यात दाराशी उभ्या असलेल्या माणसाला लोक विचारून विचारून काय विचारणार? मी मान हलवली, पोट आत घेतलं आणि तिरकी झाले. ती पुढे सरकली. पार्ल्यात घालवलेली वर्षं अशी कुठे कामाला येतील सांगता येत नाही. पुढच्या डब्यांपाशी अडथळा लावून वर पाटी होती, तीही मला वाचावी लागली नाही. बायकांचे डबे. ही व्यवस्था का करावी लागते तेही कुणी सांगायची गरज पडली नाही.

नाकतोडा आला. मी उतरले.

परतीला मात्र डोकं चालवलं आणि कोयोआकानकडे जाणाऱ्या मिनीबसमध्ये चढले. याला तिथे 'पेसेरो' म्हणतात. इथे चित्रबित्र काही नाही. काचेला हाताने लिहिलेला पुठ्ठा, आणि हात केला की कुठेही थांबते. मागे बसलेल्यांनी पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुट्टे त्याच वाटेने परत येतात. माझ्या तळहातावरून कितीतरी अनोळखी नाणी गेली, कोमट झालेली. कुणाची किती, कुठपर्यंतची, मला काही ठाऊक नाही. मी इमानदारीने पुढे देत राहिले आणि सुट्टे मागे.

उतरायची वेळ आली तेव्हा पंचाईत. तिथे ओरडावं लागतं. काय ओरडतात ते इतका वेळ ऐकत होते, ऐन वेळी तोंडातून बाहेर पडलं, "ओ, थांबा, थांबा!" तेही पार्ल्याच्या आवाजात.

ब्रेक लागला. ड्रायव्हरने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. शेजारच्या आजीबाईंनी माझी पिशवी हातात दिली, काहीतरी बोलल्या, बहुधा सांभाळून उतर असं. मी त्यांना मराठीतच "हो हो" म्हटलं.

भाच्याला यातलं काही सांगितलं नाही. माझ्या स्पॅनिशच्या क्लासला त्याने बरेच पैसे भरलेत.