पगार उणे पाळणाघर

‘मुलं जरा मोठी झाली, आता परत नोकरी धरू का?’ शाळेच्या फाटकाशी, हळदीकुंकवाला, लिफ्टमध्ये मला हे हमखास विचारलं जातं. मीही मुलांसाठी घरी राहिले होते आणि धाकटी पहिलीत गेल्यावर परत कामाला लागले, म्हणून. विचारणारीने हिशेब आधीच केलेला असतो: पगारातून पाळणाघर, रिक्षा, पोळ्यांच्या बाई वजा केल्या की हातात उरतं काय? मग एवढी धावपळ कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हा हिशेबच मला पटत नाही. पाळणाघराचे पैसे आईच्याच पगारातून का कापायचे? मूल दोघांचं आहे. घरात येणाऱ्या एकूण पैशांतून तो खर्च धरा, आकडा लगेच वेगळा दिसेल. शिवाय पाळणाघर जन्मभर लागत नाही, नोकरीतली वर्षं मात्र साठत जातात. पीएफचंच बघा. त्यातल्या पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. मधे खंड पडला तरी आधीची वर्षं धरली जातात, फक्त नोकरी सोडताना पेन्शनचे पैसे काढून घेतलेले नसावेत. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, जुनाच चालतो. कितीतरी जणी हे तपासतच नाहीत. कुठेही अर्ज करण्याआधी पीएफचं पासबुक उघडा.

मुंबईत पैशाइतकाच अंतराचा प्रश्न असतो. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. आता ५० किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाता आलं पाहिजे. कायदा चांगला आहे. पण मुलुंडहून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये लेकरू कडेवर घेऊन फोर्टला जायचं कसं? म्हणून पाळणाघर घराजवळ बघा, शाळेच्या वाटेवर मिळालं तर उत्तमच. आणि बघायला सकाळी जाऊ नका, सकाळी सगळीच नीटनेटकी असतात. संध्याकाळी सातला जा. ज्याची आई अजून आलेली नाही त्या मुलाशी ताई कशा बोलतात, ते ऐका. आम्ही गेलो तेव्हा एक मुलगा चपला घालून दाराशीच बसला होता. ताईंनी त्याच्या हातावर पोळीचा लाडू ठेवला आणि म्हणाल्या, ‘आईची गाडी कुर्ल्याला थांबलीय रे, येतेच आहे ती.’ मी तिथेच नाव घातलं.

मग घरी बसून एक गोष्ट ठरवा. ‘ताप आलाय, घेऊन जा’ असा शाळेतून फोन आला तर निघायचं कोणी? ‘बघू तेव्हा’ म्हटलं की आईनेच निघायचं, हे ठरलेलंच. आम्ही कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, मुलांसाठी त्या दिवशी कोणी रजा घेतली त्याचं आद्याक्षर लिहायला लागलो. दोन-तीन पानं उलटल्यावर मला काही बोलावंच लागलं नाही. शाळेच्या डायरीत पहिला नंबर नवऱ्याचा आहे, कारण त्याचं ऑफिस ठाण्याला आणि माझं फोर्टला. जुलैत रुळांवर पाणी भरलं की मी दादरच्या पुढे सरकत नाही.

मुलं रडतात का? रडतात. धाकटीचं रडणं पहिले काही आठवडे माझ्या कानात ऑफिसपर्यंत यायचं. नंतर ती रुळली, आणि मीही.

एवढं वाचूनही तुमचं मन घरीच राहायचं म्हणत असेल, तर खुशाल राहा. ते कामच आहे, आणि मोठं आहे. फक्त दर महिन्याला तुमच्या नावावर ठरावीक रक्कम जमा होईल, हे नवऱ्याशी आत्ताच बोलून घ्या. पीपीएफचं खातं वर्षाला ५०० रुपयांवरही चालू राहतं. जमेल तसं जास्त भरा, आणि त्याचं पासबुक तुमच्या कपाटात ठेवा.