‘ताई, किती दिवसांत?’

नाशिकच्या मखमलाबादमधल्या माझ्या आवारात बिथरलेली घोडी घेऊन आलेला जवळजवळ प्रत्येक मालक टेम्पोचा फाळका उघडण्याआधीच विचारतो, ‘ताई, किती दिवसांत सुधारेल?’ मी आकडा सांगत नाही म्हणजे मला काम येत नाही, असा अर्थ काहींनी काढला आहे, म्हणून एकदाचे लिहून टाकते.

आकडा मी एकदा सांगितला होता. तुळशीचे लग्न तोंडावर आले होते, मालकाने वरातींच्या सुपाऱ्या आधीच घेतल्या होत्या, आणि मी म्हणाले, पंधरा दिवस.

घोडीच्या ओठांचे कोपरे काटेरी लगामाने फाटून पुन्हा जुळलेले होते (अशा लगामाला जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी माझ्याकडे येणारी तोंडे तशीच असतात). कानाजवळ हात गेला की ती पुढचे पाय उचलून उभी राहायची. पहिले दहा दिवस मी रीतीने वागले: तिच्याकडे पाठ करून लांब बसले, चंदीची, म्हणजे दाण्याची, पाटी रोज थोडी जवळ सरकवली, तिचे कान मागे पडण्याआधीच स्वतः मागे हटले. घोड्याला मान न वळवता जवळजवळ ३५० अंशांतले दिसते, पण अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही, म्हणून हात खांद्याकडून न्यायचा आणि जनावर शांत उभे राहिले की त्याच क्षणी काढून घ्यायचा. त्या सुटकेतून ते शिकते. अकराव्या दिवशी मी मानेपर्यंत पोहोचले. उरले चार दिवस आणि कान.

बाराव्या दिवशी मी तिला आखूड दोराने खांबाला बांधले आणि गोणपाट तिच्या पाठीवरून, मानेवरून, कानांवरून फिरवत राहिले. अर्धा तास ती झगडली, दोनदा गुडघ्यांवर आली, घामाने निथळली आणि मग एकाएकी थांबली. मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. मी मालकाला फोनही केला. त्यानंतर गुळाचा खडा पुढे केला, तो तिने घेतला नाही. डोळा उघडा होता आणि पापणी लवत नव्हती. ती शांत झाली नव्हती, हरली होती. ‘तेव्हा माझ्या लक्षात आले नाही’ असे मी पुढे अनेकांना सांगितले, ते खरे नाही.

तिसऱ्या वरातीत, पंचवटीत, नाशिक ढोल सुरू होताच ती गर्दीत उसळली. नवरदेव नुकताच उतरला होता, पण लगाम धरणाऱ्या पोराचे मनगट मोडले. ढोलाची सवय आधी दुरून, घोडी चारा खात असताना करवायची असते आणि त्यासाठी वेळच मिळाला नाही, असे मी आजही म्हणते. फक्त तो वेळ मापून देणारी मीच होते.

उभी घोडीही रोज खाते आणि हंगाम बुडाला तर मालकाचे वर्ष बुडते, हे मला कळते, त्यामुळे ‘लागतील तितके दिवस’ असे सांगताना माझीच जीभ अडखळते. ‘तुम्ही सगळे प्रेमानेच करता ना?’ असे कौतुकाने विचारणाऱ्यांपुढे तर ती अधिकच अडखळते, कारण दोर माझ्याही हातात असतो.

ती घोडी नंतर मीच ठेवून घेतली. डाव्या कानाला ती हात लावू देते. उजव्याजवळ हात गेला की मान वर करते आणि मी हात काढून घेते. याला आता चार वर्षे झाली.