सीटॅब, गारगोटी आणि रात्रीचा एसी

मंडळी, गारगोटी अखेर जागेवर आली! तिची पट्टी सीटॅबच्या (साबणासारखं डोकं-शेपटी असलेलं रसायन) ०.१ मिलिमोलर (तीव्रतेचं माप) द्रावणात बुडवून काढल्यावर सलग सहा दिवस स्पर्शकोन ५६ ते ६० अंशांत. (पट्टीवरच्या पाण्याच्या थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो हा कोन: थेंब पसरला की लहान, आखडला की मोठा.) गेला दीड महिना हाच आकडा आज ५८, उद्या २२ असा उड्या मारत होता.

पहिला संशय सफाईवर. पण कोऱ्या गारगोटीवर थेंब ठेवला की पसरून सपाट व्हायचा, म्हणजे तिथे खोट नव्हती. मग पाणी बदललं. बॅटरीचं पाणी सोडून प्रिन्सेस स्ट्रीटवरून एचपीएलसी ग्रेडचं (प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध) आणलं, तरी तेच. (बॅटरीचं पाणी मात्र या कामाला घेऊच नका, हे माझं मत कायम आहे.) सीटॅबची पावडरही दुसऱ्या दुकानातून एआर (प्रयोगशाळेच्या शुद्धतेच्या) ग्रेडची घेतली; पहिल्याने लेबलवर ग्रेडच लिहिलेली नव्हती.

शेवटी वही मागून पुढे वाचली. चांगले आकडे सगळे पाऊस कोसळलेल्या रात्रींनंतरच्या सकाळचे! वाटलं, दमट हवेत थेंब वाळत नसेल. डब्यात ओला कपडा ठेवून, झाकण लावून मोजलं. काही नाही.

उत्तर कपाटात होतं. १० मिलिमोलरची स्टॉकची (जिच्यातून पातळ द्रावण करतो ती) तपकिरी बाटली आईच्या खोलीत असते. रात्रभर एसी २२ वर, आणि पाऊस लागला की आई तो बंद करून खिडकी उघडते. एका कोरड्या रात्रीनंतर सकाळी सहाला बाटली बीकरमध्ये ओतली, तर तळाशी पांढऱ्या चमकदार सुयांचा थर! सीटॅबचं क्राफ्ट तापमान (ज्याच्या खाली ते नीट विरघळत नाही) २५ अंशांच्या आसपास. त्याखाली ते एक मिलिमोलरसुद्धा विरघळलेलं राहत नाही. मी पिपेटने वरचं नितळ पाणी घेऊन शंभरपट पातळ करत होतो, म्हणजे माझं ०.१ प्रत्यक्षात ०.०१ च्याही खाली. गारगोटीच्या ऋणभारित पृष्ठभागावर सीटॅबची धनभारित डोकी चिकटतात आणि शेपट्या बाहेर राहतात, म्हणून थेंब आखडतो. शेपट्याच विरळ असतील तर तो पसरणारच.

आता रोज बाटली ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास, हलकेच फिरवत, तळ स्वच्छ दिसेपर्यंत. आणि मग जे दिसलं त्याने सकाळ सोन्याची झाली: २ मिलिमोलरला कोन पुन्हा १४ वर! दुसरा थर उलटा बसला, डोकी पाण्याकडे. तीव्रता वाढवत गेलं की कोन आधी चढतो, मग उतरतो, असा वाचलेला तो डोंगरासारखा आलेख माझ्या वहीत, माझ्या हाताने उतरला.

शंखजिऱ्याचं (टाल्क) थोडक्यात: कोऱ्यावर कोन ६४, गवारगमच्या ०.०५ टक्के द्रावणानंतर ३१. खाणकामात खनिजं बुडबुड्यांवर चढवून वेगळी करताना (फ्लोटेशन) शंखजिरं फेसावर चढू नये म्हणून हाच गम वापरतात. किराणा दुकानातला चालतो, पण गाळून घ्या.

पुढे मत्स्यटाकीच्या पंपावर फ्लोटेशनची नळी उभी करणार होतो. पण हे लिहिताना जाणवलं, पट्टी धुऊन वाळवताना चिकटलेला थर नक्की हलत असणार. मग थेंब कशाला? पट्टी द्रावणात बुडालेलीच ठेवून खालून हवेचा बुडबुडा टेकवू आणि त्याचा कोन मोजू. नळी दिवाळीनंतर. सध्या २१ नंबरची सुई यू आकारात वाकवतोय, दोनदा चेपली. आता आत बारीक तार घालून वाकवून बघतो. कुणी दुसऱ्या रीतीने वाकवली असेल तर जरूर सांगा.